अनेकांचा एक सूर

‘समूहगान’ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर विलायतेतील विद्यापीठे उभी राहतात: रांगेत उभे असलेले गायक, उंच-खालच्या थरांत विभागलेले आवाज आणि समोर हात हलविणारा संचालक. आपल्याकडे असा कोणी झाला का, असे विचारले तर मी वसंत देसाई यांचे नाव घेतो. त्यांचे विद्यापीठ म्हणजे शाळेचे पटांगण!

देसाईंचा जन्म १९१२ सालचा. गाव कुडाळकडील सोनवडे. कोल्हापुरात १९२९ साली ‘प्रभात’ निघाली आणि आरंभीच्या काळातच हा तरुण तेथे दाखल झाला. पडेल ते काम करीत तो संगीत शिकला. पुढे ‘राजकमल’च्या ‘शकुंतला’ (१९४३), ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) आदी चित्रपटांनी त्यांची कीर्ती झाली.

परंतु त्यांचे खरे मोठेपण मला निराळ्याच ठिकाणी दिसते. १९५७ सालच्या ‘दो आंखें बारह हाथ’मधील प्रार्थना कैद्यांच्या कथेसाठी रचलेली, ती पडद्यावरून उतरली आणि शाळांच्या परिपाठात जाऊन बसली. १९७१ सालच्या ‘गुड्डी’तील प्रार्थनेचेही तेच झाले. केदारासारखा भारदस्त राग, पण चाल अशी की आठ वर्षांच्या मुलीलाही पेलावी.

आमच्या जुन्नर-आंबेगावात हे नवल वाटत नाही. कीर्तनात बुवा अभंग उचलतात आणि टाळकरी ध्रुपद झेलतात. तेथे बेसूर माणसालाही कोणी उठवीत नाही. डोंगरापलीकडून आलेले, वर्गात तोंड न उघडणारे पोर प्रार्थनेच्या वेळी ओठ हलवू लागते, हे मी शिक्षक म्हणून कितीदा तरी पाहिले आहे. एकट्याने गाताना लाज वाटते. सर्वांत मिसळून गाताना ती विरघळते.

यात धोकाही आहे. शेकडो मुले एका तालात उभी केली की गाण्याची कवायत व्हायला वेळ लागत नाही. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर १९६३ साली आलेल्या ‘छोटा जवान’मध्ये देसाईंनी रणगीताला चाल दिली. त्याच हातांनी त्यांनी कांचीच्या शंकराचार्यांच्या ‘मैत्रीं भजत’ या शांतिगीतालाही स्वर दिले. १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी ते संयुक्त राष्ट्रसंघात गायिले. एकत्र गावे, हे खरेच. पण काय गावे, हा प्रश्न त्याहून मोठा!

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात देसाईंचा अंत झाला. प्रार्थना मुलांना तोंडपाठ असते, चाल कोणाची ते ठाऊक नसते. म्हणून नव्या वर्गाला प्रार्थना शिकविताना मी आधी फळ्यावर ते नाव लिहितो. ज्याने अनेकांना आवाज दिला, त्याचे नाव निदान एका फळ्यावर तरी असावे.