झाशीचे दत्तक प्रकरण आणि कायद्याची इंग्रजी

झाशीचे दत्तक प्रकरण : झाशी संस्थानच्या उत्तराधिकारावरून १८५३-५४ मध्ये नेवाळकर घराणे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात झालेला लेखी वाद. इतिहासाच्या पुस्तकांत तो १८५७ च्या उठावाची नांदी म्हणून चार ओळींत उरकतात. येथे तो कायद्याच्या इंग्रजीचा पाठ म्हणून घेतला आहे. मराठी माध्यमातून विधी शाखेकडे आलेला विद्यार्थी ज्या संज्ञा सुट्या पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो, त्यांतल्या बऱ्याच या एका दप्तरात भेटतात, आणि तेथे प्रत्येकीवर एका राज्याचे भवितव्य लटकलेले असते. लढाईची हकीकत ‘लक्ष्मीबाई’ या नोंदीत पाहावी.

पूर्वपीठिका : झाशीचा किल्ला ओरछाच्या बीरसिंह देवाने १६१३ मध्ये बांधला. छत्रसालाने थोरल्या बाजीरावाला दिलेल्या वाट्यामुळे बुंदेलखंडात मराठी अंमल आला. नारो शंकर, पुढे रघुनाथ हरी नेवाळकर आणि शिवरावभाऊ हे तेथले पेशव्यांचे सुभेदार. ही सुभेदारीच पुढे घराण्याला भोवली. शिवरावभाऊंशी कंपनीने १८०४ मध्ये करार केला. जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने पेशव्याचे बुंदेलखंडातले हक्क कंपनीकडे गेले, आणि त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला शिवरावभाऊंचा नातू रामचंद्रराव याच्याशी नवा तह झाला. त्याला राजा ही पदवी १८३२ मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंकच्या हस्ते मिळाली. रामचंद्रराव १८३५ मध्ये वारला. त्याने दत्तक घेतला होता की नाही, घेतला असल्यास विधिवत की कसे, याबद्दल एकवाक्यता नाही. गादी मात्र चुलत्याला, रघुनाथरावाला, आणि १८३८ मध्ये धाकटा चुलता गंगाधरराव याला मिळाली. या घटनेचा दाखला पुढे गव्हर्नर जनरल डलहौसीने झाशीविरुद्ध वापरला.

गंगाधररावाचा औरस मुलगा तान्हेपणीच गेला. मृत्यूच्या आदल्या दिवशी, २० नोव्हेंबर १८५३ रोजी, त्याने नात्यातला पाच वर्षांचा आनंदराव दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले. कंपनीचे अधिकारी मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन यांना वाड्यावर बोलावून मान्यतेसाठी खलिता त्यांच्या हाती दिला. २१ नोव्हेंबरला गंगाधरराव वारला.

तहाचे दुसरे कलम : वादाचा गाभा येथे आहे. १८१७ च्या तहात रामचंद्ररावाबरोबर त्याचे ‘हेअर्स’ आणि ‘सक्सेसर्स’ हेही झाशीचे वंशपरंपरागत राज्यकर्ते म्हणून मान्य केले होते. तहाच्या फारसी प्रतीत याच जागी ‘वारिसान’ आणि ‘जानशीनान’ असे शब्द आहेत.

इंग्रजी दस्तऐवजांत असे जोडशब्द जागोजाग भेटतात: ‘नल अँड व्हॉइड’, ‘विल अँड टेस्टामेंट’, ‘गुड्स अँड चॅटल्स’. नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या कोर्टांत फ्रेंच, लॅटिन आणि इंग्रजी एकत्र नांदत होत्या. लिहिणारे कारकून खबरदारी म्हणून एकाच अर्थाचे दोन-दोन शब्द घालत, आणि सवय टिकली. म्हणून इंग्रजी कायदा शिकणाऱ्याला सांगितले जाते की जोडीतला दुसरा शब्द पुष्कळदा शोभेचा असतो. त्याच वेळी त्याला दुसराही नियम शिकवतात: दस्तऐवजातला कोणताही शब्द निरर्थक धरू नये. दोन नियमांची टक्कर झाली की वकिलांची चंगळ.

गंगाधररावाची विधवा राणी लक्ष्मीबाई हिने १६ फेब्रुवारी १८५४ च्या खलित्यात दुसऱ्या नियमावर बोट ठेवले. तिचे म्हणणे थोडक्यात असे: वारिसान म्हणजे रक्ताचे वारस, औरस किंवा भाऊबंद. ते नसतील तेव्हा गादीवर जो घेतला जातो तो जानशीन, म्हणजे दत्तक. तहाचे मसुदे पारखून, तोलून केले जातात. वेगळा शब्द आला आहे तर तो वेगळ्या अर्थासाठीच आला. याच खलित्यात दतिया, ओरछा आणि जालौन येथे कंपनीने दत्तक मान्य केल्याचे दाखलेही होते. पूर्वोदाहरण आणि शब्दार्थ या दोन्ही बाजूंनी एवढी नेमकी मांडणी त्या काळच्या संस्थानी पत्रव्यवहारात सहसा आढळत नाही. मजकूर कोणी सिद्ध केला याबद्दल निश्चित पुरावा नसल्याने येथे तो राणीच्याच नावे धरला आहे.

‘हेअर’ या शब्दाबाबत अभ्यासकाने आणखी एक ध्यानात ठेवावे. इंग्लिश कॉमन लॉमध्ये हेअर म्हणजे रक्ताने ज्याच्याकडे जमीन उतरते तो. जिवंत माणसाला हेअर नसतो, तो मेल्यावरच ठरतो. दत्तकाला कायदेशीर मान्यता देणारा कायदा इंग्लंडमध्ये १९२६ पर्यंत नव्हताच. हिंदू धर्मशास्त्रात दत्तक हा पुत्रच. मयूख, दत्तकमीमांसा, दत्तकचंद्रिका यांत वाद आहे तो कोणाला घ्यावे, केव्हा घ्यावे यांचा. घेतल्यावर तो मुलगा ठरतो का, हा प्रश्न तेथे उरत नाही. कलकत्त्यात फायली वाचणाऱ्यांच्या कानाला मात्र ‘हेअर’मध्ये दत्तक ऐकू येण्याचे कारण नव्हते.

लॅप्स : दत्तक अमान्य करून संस्थाने घेण्याच्या डलहौसीच्या धोरणाला चिकटलेली संज्ञा. मराठीत ‘खालसा’ म्हणून काम भागते, पण खालसा करणे ही सरकारची कृती झाली. इंग्रजी संज्ञेत हक्क आपोआप सुटून जातो, कोणी काही हिसकावत नाही. इंग्रजी कायद्यात तिचे दोन मूळ उपयोग: मृत्युपत्रात ज्याला देणगी ठेवली तो आधी वारला तर देणगी लॅप्स होते, आणि चर्चमधली धर्मगुरूची जागा आश्रयदात्याने सहा महिन्यांत भरली नाही तर नेमणुकीचा हक्क लॅप्स होऊन बिशपकडे जातो. झाशीत प्रत्यक्ष घडले ते यांपेक्षा ‘एस्चीट’ला जवळचे, म्हणजे कूळ निर्वंश झाल्यावर जमीन धन्याकडे परत जाण्याला. ही संज्ञा वापरायची तर कंपनी धनी आणि झाशीवाले कूळ हे आधी सिद्ध करावे लागते.

दर्जा : २७ फेब्रुवारी १८५४ च्या मिनिटात डलहौसीने नेमके तेच केले. (‘मिनिट’ म्हणजे येथे अधिकाऱ्याने फाइलवर नोंदवलेले सविस्तर मत. बैठकीच्या इतिवृत्ताशी किंवा घड्याळाशी संबंध नाही.) आधार होता कंपनीचा अधिकारी चार्ल्स मेटकाफ याने १८३७ मध्ये केलेल्या भेदाचा: सार्वभौम राजे वेगळे, आणि वरिष्ठ सत्तेच्या ‘ग्रँट’वर जमीन भोगणारे सरदार वेगळे. पहिल्यांना दत्तकाचा अधिकार. दुसऱ्यांच्या बाबतीत ग्रँट देणारा ती परत घेऊ शकतो. झाशीवाले पेशव्यांचे सुभेदार, पेशव्यांचे हक्क कंपनीकडे आलेले, म्हणून झाशी ‘डिपेंडंट’. या एका विशेषणाने दुसऱ्या कलमाची सगळी चर्चा गैरलागू झाली आणि झाशी खालसा झाली. एलिसने ओरछा आणि झाशी यांच्या तहांत या बाबतीत फरक दिसत नाही असे वरिष्ठांना कळवले होते. त्याचा उपयोग झाला नाही.

विशेषण बदलले की निकाल बदलतो याचा पुरावा त्याच काळात राजपुतान्यातून मिळतो. करौलीचा राजा १८५२ मध्ये दत्तक घेऊन वारला. डलहौसी ते राज्य घ्यायला निघाला असता लंडनच्या संचालकांनी करौली ‘प्रोटेक्टेड अलाय’ आहे, डिपेंडंट नाही, असे सांगून त्याला थांबवले. साताऱ्याचे उदाहरण उलट बाजूचे. १८१९ च्या तहात राज्य कायमचे, वारसांसह देण्याची भाषा असूनही १८४८ मध्ये ते गेले. साताऱ्याची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते १८४० ते १८५३ लंडनमध्ये होते. कंपनीच्या भाषेत कंपनीशीच भांडणाऱ्या पहिल्या काही मराठी माणसांपैकी ते एक. त्यांच्यावर स्वतंत्र नोंद हवी.

खासगी मालमत्ता : प्रकरणातला सर्वांत विचित्र भाग. हिंदू कायद्याने दत्तक वैध आहे, हे कंपनीने खासगी मालमत्तेपुरते मान्य केले. म्हणजे दामोदरराव गंगाधररावाचा मुलगा म्हणून त्याच्या ऐवजाचा मालक, पण गादीचा कोणी नाही. परिणामी जामदारखान्यातली रक्कम राणीला न मिळता मुलगा सज्ञान होईपर्यंत त्याच्या नावे सरकारात राहिली. पुढे मुंजीसाठी त्यातले एक लाख रुपये मागताना राणीला जामीन द्यावे लागले, असे तिचे चरित्रकार पारसनीस सांगतात. ‘इस्टेट’ आणि ‘सॉव्हरेन्टी’ यांतला फरक शिकवायला यापेक्षा बोलका नमुना मिळणे कठीण.

जॉन लँग : (१८१६–६४). सिडनीत जन्मलेला बॅरिस्टर, ‘मोफसिलाइट’ या पत्राचा संपादक. कंपनीचा पुरवठा-कंत्राटदार लाला ज्योतिप्रसाद याच्या खटल्यात कंपनीविरुद्ध उभा राहिल्याने त्याचे नाव झाले होते. राणीने त्याला सोनेरी कागदावर फारसीत पत्र पाठवून बोलावले. भेट रात्री झाली. राणी पडद्याआड, वकील बाहेर. दामोदररावाने मध्येच पडदा ओढला आणि लँगला राणी क्षणभर दिसली. हा प्रसंग लँगच्या ‘वाँडरिंग्ज इन इंडिया’ (१८५९) या पुस्तकात आहे, आणि राणीच्या तोंडचे, झाशी देणार नाही हे जगप्रसिद्ध वाक्यही तेथेच, मोडक्या हिंदुस्तानीत.

लँगचा सल्ला वाक्यापेक्षा महत्त्वाचा, पण कोणी वाचत नाही. त्याने सांगितले की राज्य परत देणे गव्हर्नर जनरलच्या हाती नाही. विलायतेत अर्ज करावा, आणि तोवर पेन्शन ‘अंडर प्रोटेस्ट’ घ्यावी, तेणेकरून मुलाच्या हक्काला ‘प्रेज्युडिस’ होणार नाही. प्रेज्युडिस म्हणजे येथे हक्काला येणारी बाधा. पूर्वग्रह हा अर्थ लावल्यास वाक्य विपरीत होते. आजही नोटिशीच्या माथ्यावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ असते ते याच कुळातले. राणीने त्या वेळी पेन्शन नाकारली. पेन्शनचा आकडा सरकारी कागदांत दरमहा ५,००० रुपये, लँगकडे वर्षाला ६,००० पौंड.

लँगने सिद्ध केलेला अर्ज ‘मेमोरियल’ या प्रकारातला. हा दावा नसून विनंती असते, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याकडेच ती जाते. संचालकांनी ती फेटाळली. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान टोनी ॲबट यांना या अर्जाची प्रतिकृती भेट दिली, तेव्हा लँगचे नाव पुन्हा चर्चेत आले. त्याची कबर मसुरीला आहे.

ॲक्ट ऑफ स्टेट : राणीने दावा लावला असता तर काय झाले असते, याचा अंदाज तंजावरवरून येतो. तेथला मराठी राजा शिवाजी १८५५ मध्ये निपुत्रिक वारला आणि कंपनीने राज्याबरोबर खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. थोरली राणी कामाक्षीबाई कोर्टात गेली, मद्रासला जिंकली. प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये तो निकाल फिरवला: जप्ती हे सार्वभौम सत्तेचे राजकीय कृत्य, म्हणजे ‘ॲक्ट ऑफ स्टेट’ आहे, आणि त्याचा न्याय करण्याचा अधिकार कोर्टाला नाही. घटना अन्यायाची असली तरीही नाही. हा निकाल भारतीय कायद्याच्या पुस्तकांत आजही येतो.

पुढील काळ : १८५७-५८ नंतर धोरण उलटले. व्हॉइसरॉय कॅनिंगने १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. तोवर झाशी गेलेली होती. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या सातव्या कलमात संस्थानांवरचे ब्रिटिश अधिराज्यच ‘लॅप्स’ झाल्याचे म्हटले आहे. राज्यघटनेच्या २९६ व्या अनुच्छेदात एस्चीट, लॅप्स आणि बोना व्हेकॅन्शिया, म्हणजे बेवारस माल, ही त्रयी एका वाक्यात बसली आहे.

दामोदरराव : इंदूरला अल्प पेन्शनवर राहिला. मृत्यू १९०६.

साधने : मुख्य आधार ब्रिटिश संसदेसाठी छापलेली कागदपत्रे. त्यांत राणीचे खलिते इंग्रजी भाषांतरात आहेत. फारसी शब्दांची त्यांतली वर्णरचना इतकी बिघडलेली आहे की ‘जानशीनान’ ओळखायला दोनदा वाचावे लागते. मराठीत दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे राणीचे चरित्र (१८९४) अजूनही पहिले हाती घ्यावे असे. विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ (१९०७ मध्ये प्रसिद्ध) झाशीच्या दिनचर्येसाठी अमोल, पण तहाच्या कलमांशी भटजींना कर्तव्य नव्हते. हिंदीत वृंदावनलाल वर्मांची ‘झाँसी की रानी’ (१९४६) ही कादंबरी सर्वांत गाजली. वर्मा झाशीतच वकिली करीत.

न्यायालयीन भाषा : झाशी जिल्हा अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या कक्षेत येतो. उत्तर प्रदेशात त्या न्यायालयातही १९६९ पासून हिंदीला परवानगी आहे, मात्र निकालाबरोबर इंग्रजी भाषांतर जोडावे लागते.