धुण्याचा जाळ

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी ‘वीज व धुणे यांतील काटकसर’ या विषयावर काही लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. मी शाळेत इतिहास शिकविलेली बाई. तेव्हा साबणाच्या वड्या मोजीत बसण्यापेक्षा आपल्या वऱ्हाडात धुणे कसे होत आले आणि त्याला जाळ कोठून मिळत आला, हेच सांगावे असे ठरविले. कारण धुण्याचा मोठा खर्च ऊन पाण्यात आहे. २० लिटरची एक बादली २० अंशांवरून ६० अंशांवर न्यावयाची तर जवळजवळ एक युनिट वीज लागते. तेवढ्याच विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा शंभर तासांहून अधिक जळतो. आपण भगिनी दिवे मालवीत घरभर फिरतो आणि गीझर मात्र चालू राहतो!

मळ सुटण्यास क्षार हवा, हे साबण येण्यापूर्वीही लोकांस ठाऊक होते, आणि क्षाराची खाण आपल्या वऱ्हाडातच होती. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की काठावर खार जमे. डल्ला, खुपल, पापडी, भुसकी अशी त्याच्या प्रकारांची नावे होती. अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना तेथे काच व साबण करण्याचे साहित्य मिळते, असे नमूद केले आहे. म्हणजे अकबराच्या काळीही लोणारचे नाव साबणाशी जोडलेले होते. आज ते सरोवर अभयारण्य आहे.

गरिबाघरी लोणारचा खार कशाला येतो? तेथे चुलीतली राख. ती पाण्यात कालवून ठेवायची, वरचे निवळलेले पाणी घ्यायचे आणि त्यात जाडेभरडे कपडे भिजवायचे. ज्या जाळावर भाकर झाली त्याच्याच राखेने धुणे निघे. रेशमी व लोकरी वस्त्रांना रिठे.

परंतु काटकसरीची खरी युक्ती मला वरठ्याच्या भट्टीत दिसते. खाराच्या पाण्यात बुडवून पिळलेले कपडे उकळत्या पाण्याच्या भांड्याभोवती व त्याच्यावर रचीत आणि रात्रभर वाफ देत. सकाळी ते दगडावर आपटून धूत. पाणी थोडे आणि काम वाफेचे. शिवाय पुष्कळ घरांचे कपडे एकाच जाळावर निघत. प्रत्येक घरी स्वतंत्र हंडा तापविण्यापेक्षा यात किती सरपण वाचत असेल, याचा आपणच विचार करावा. या कामाबद्दल बलुत्याचे धान्य मिळे, तेही सुगीच्या वेळी. गाडगेबाबांचा जन्म याच समाजात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झाला. साऱ्या गावाचे कपडे स्वच्छ करणाऱ्यांना गावाने कशी वागणूक दिली, हे त्यांचे चरित्र वाचणाऱ्यास सांगावे लागत नाही.

घरी धुणे होई ते पऱ्हाट्यांवर. आपला मुलूख कापसाचा. शेवटचा वेचा झाला की पऱ्हाट्या उपटून त्यांचे भारे परसात रचले जात आणि पुढच्या सुगीपर्यंत पुरवावे लागत. पऱ्हाटी भडकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते. म्हणून बंबाजवळ कोणीतरी सारखे बसावे लागे, आणि ते ‘कोणीतरी’ म्हणजे बहुधा घरातील सून किंवा शाळेतून काढलेली मुलगी. शहाण्या बायका स्वयंपाक होत असता चुलीच्या वैलावरच धुण्याचे पाणी ठेवीत. त्यास निराळा जाळ लागत नसे. मोतीबाग स्टेशनाकडून इंजिनाने टाकलेला अर्धवट जळका कोळसा टोपलीत वेचून आणणाऱ्या बायकाही मी पाहिल्या आहेत. आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर गाडीला १९९४ साली डिझेल इंजिन लागले आणि तो कोळसा संपला. आता ती छोटी गाडीही धावत नाही.

“पूर्वी एवढा खर्च नव्हता हो!” असे वडीलधारी मंडळी म्हणतात. खर्च होता, फक्त तो वहीत लिहिला जात नव्हता. सरपणाचा भारा, विहिरीचे रहाट, धुराने लाल झालेले डोळे यांना पैसे पडत नसत इतकेच. शेजारच्या वर्ध्यास मगनवाडीत ग्रामोद्योग संघाच्या मंडळींनी धुराड्याची मगन चूल तयार केली, तिचा प्रसार १९४७ च्या सुमारास झाला. ज्यांना हा न लिहिलेला खर्च दिसला त्यांपैकी ही मंडळी होत.

साबणाची हकीकत थोडक्यात सांगते. सनलाइटच्या वड्या १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. परंतु आपल्याकडील विहिरींचे पाणी पुष्कळदा जड. त्यात साबणाचा फेस होत नाही, नुसता साका होतो. सोडा घालून किंवा पाणी तापवून भागवावे लागे. १९५९ मध्ये ‘सर्फ’ आली. ही पावडर जड पाण्यातही काम करी आणि थंड पाण्यातही. पण ती आपल्यासारख्यांस परवडेना. १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी ‘निरमा’ काढली, किलोला सुमारे ३ रुपये, सर्फच्या किंमतीच्या जेमतेम पाव हिश्शात! मग दूरदर्शनवर ललिताजी येऊन आपल्याला स्वस्त आणि चांगले यांतील फरक समजावू लागल्या. असो. या पावडरीमुळे साबणाचे पैसे वाचले हे सर्वजण सांगतात. बंबातील किती पऱ्हाट्या वाचल्या, हे कोणी सांगत नाही.

पुढे यंत्र आले. भारनियमनाच्या वर्षांत ते विजेची वाट पाहत उभे असे आणि धुणे रात्री अकरालाही होई. यंत्राला नावे ठेवणाऱ्यांशी माझे पटत नाही. मोटार फिरण्यास वीज फार थोडी लागते. पाणी तापविण्याचे बटण दाबले तरच ती खाते. भरपूर कपडे साठवून थंड पाण्यात यंत्र लावावे, तेलकट कपडे आधी भिजत घालावेत, आणि वाळविण्याचे काम आपल्या उन्हाकडे सोपवावे. वऱ्हाडात त्याची वाण नाही. विजेचे बिलही नीट वाचावे. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, १०१ ते ३०० चा त्याहून बराच अधिक, अशा पायऱ्या असतात. म्हणून वाचविलेले युनिट हे नेहमी वरच्या, महाग पायरीवरचे असते. गीझर दोन किलोवॅटचा असला तर अर्ध्या तासात एक युनिट होते.

इस्त्रीचे काय? माझ्या गल्लीत पूर्वीच्या वरठीणबाईंच्या सुनेने हातगाडीवर इस्त्रीचे दुकान थाटले आहे. सकाळी ती पेटीत एकदा निखारे भरते. आधी जाड सुती पातळे व शर्ट, मग टेरिकॉट, आणि निखारे मंदावले की शेवटच्या उबेवर रेशमी ब्लाउज काढते. विजेच्या इस्त्रीवरही हाच क्रम ठेवून शेवटचे पाचसात कपडे बटण बंद करून काढता येतात; मी ते तिच्याकडूनच पाहून घेतले. एका पेटीवर आमच्या गल्लीतील वीस-बावीस घरांचे कपडे ती दुपारपर्यंत संपविते. नगामागे एक रुपया वाढवून मागितला, तेव्हा गल्लीत दोन दिवस त्याचीच चर्चा चालली होती.