भागानगरचा चार कमानींचा चौक

हैदराबादेस जाणारा मराठी प्रवासी चारमिनार पाहतो आणि बहुधा तेथूनच माघारी फिरतो. त्याच्या उत्तरेस काही पावलांवरच कुतुबशाहीचा जुना राजचौक आहे, तेथे त्याने अवश्य थांबावे.

महंमद कुली कुतुबशहाने 1591 साली हे नगर वसविले. त्यानंतर लवकरच राजवाड्यासमोरील या चौकाच्या चार दिशांना चार उत्तुंग कमानी उभ्या राहिल्या व मध्यभागी हौद झाला. तोच गुलजार हौज. पश्चिमेच्या कमानीतून राजवाड्याकडे जाण्याची वाट होती. राजवाडे लयास गेले, कमानी मात्र उभ्या आहेत. 1677 साली अबुल हसन कुतुबशहाच्या भेटीस श्रीशिवछत्रपती याच नगरात आले होते. त्यापूर्वी 1668 साली नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार करविणारे ते हेच छत्रपती होत.

या चौकाची रचना मात्र कुतुबशाहीहून जुनी आहे. हैदराबादेपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर वरंगळचा किल्ला आहे. तेथे काकतीय राजांनी स्वयंभू शिवाच्या मंदिराभोवती चार दिशांना चार भव्य पाषाणतोरणे उभारली. 1323 साली दिल्लीच्या सैन्यापुढे वरंगळ पडले, मंदिर उद्ध्वस्त झाले. तोरणे तेवढी राहिली. हैदराबादेच्या चार कमानी याच तोरणांच्या स्मृतीतून घडल्या असाव्यात, असे मत रिचर्ड ईटन व फिलिप वॅगनर या अभ्यासकांनी मांडले आहे. त्याहूनही मागे गेल्यास सांचीचा बौद्ध स्तूप आठवतो. त्याच्याही चार दिशांना चार तोरणे आहेत आणि ती दोन हजार वर्षांची आहेत. स्तूप, शिवालय आणि राजचौक, तिन्ही ठिकाणी चार दिशांना चार द्वारे! 2014 साली तेलंगण राज्याने स्वीकारलेल्या राजचिन्हातही काकतीय तोरण व चारमिनार एकत्र आले.

महाजन कुटुंबांस हा इतिहास परका वाटू नये. 1560 साली श्रीमंगेश कुशस्थळीहून नदीपार प्रियोळास आले. मूळ देवालय राहिले नाही. परंतु देव राहिला, कारण त्यास घेऊन निघणारे आणि नव्या स्थानी सेवा चालविणारे हात होते. वरंगळला तोरणे उभी राहिली, ज्या मंदिराची ती होती ते राहिले नाही. पाषाण शतकानुशतके टिकतो. पूजा मात्र पिढीने पिढीच्या हाती सोपवावी लागते. तोरणाखालून जाताना ही जाणीव मनी असावी.