धर्मशाळा (महाराष्ट्र)

यात्रेकरू व वाटसरू यांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी पुण्यकर्म म्हणून बांधलेल्या वास्तूस धर्मशाळा असे म्हणतात. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, परळी वैजनाथ, औंढा नागनाथ इत्यादी तीर्थक्षेत्री येणाऱ्या लोकांना निवारा देण्यात धर्मशाळांचा मोठा वाटा राहिला आहे. येथील मुक्काम विनामूल्य किंवा नाममात्र शुल्क घेऊन दिला जातो. सराई व मुसाफिरखाना या संस्थाही याच प्रकारच्या होत.

उभारणी व रचना

राजघराणी, सरदार, व्यापारी आणि निरनिराळे ज्ञातिसमूह यांनी धर्मशाळा बांधल्या. अहिल्याबाई होळकर (१७२५–१७९५) यांनी देशभरातील तीर्थस्थानी मंदिरे, घाट व बारवा यांबरोबरच धर्मशाळाही उभारल्या.

जुन्या धर्मशाळेत सामान्यतः मध्यभागी मोकळा चौक, त्याभोवती उंच जोत्यावर ओवऱ्या, भिंतीत दिव्यासाठी व सामानासाठी कोनाडे आणि पाण्यासाठी आड किंवा जवळपास बारव असे. यात्रेकरू अंथरूण-पांघरूण व शिधा बरोबर आणत आणि तीन दगडांची चूल मांडून स्वतःच स्वयंपाक करीत. सर्वांना जागा मिळावी म्हणून मुक्कामास मुदत घातलेली असे. अनेक ठिकाणी ती तीन दिवसांची असे. जेथे सदावर्त किंवा अन्नछत्र जोडलेले असे, तेथे शिधा किंवा तयार अन्नही मिळे.

औंढा नागनाथ

औंढा नागनाथ हे हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. येथील नागनाथ बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानला जातो. गुजरातमधील द्वारकेजवळचे नागेश्वर आणि उत्तराखंडातील जागेश्वर यांच्याविषयीही तशीच श्रद्धा आहे. हेमाडपंती शैलीतील हे मंदिर बाह्यभिंतींवरील विपुल शिल्पांसाठी प्रसिद्ध असून मूळ शिवलिंग तळघरासारख्या लहान गाभाऱ्यात आहे. आवारात ऋणमोचन तीर्थ असून त्यास ‘सासू-सुनेची बारव’ असेही म्हणतात. मंदिराच्या जीर्णोद्धाराचे श्रेय अहिल्याबाईंना दिले जाते.

संत नामदेव आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांच्या भेटीची कथा या स्थानाशी निगडित आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी मंदिर फिरले, अशीही आख्यायिका आहे. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात असल्याने अनेक यात्रेकरू दोन्ही ठिकाणे एकाच प्रवासात पाहतात. महाशिवरात्रीस औंढ्यात मोठी यात्रा भरते. अशा काळात मुक्कामाची गरज सर्वाधिक असते.

उष्णोदकाची स्थाने

गरम पाण्याचे झरे असलेल्या तीर्थस्थानी स्नान हेच मुक्कामाचे मुख्य कारण असते. ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी, रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे, तुरळ व राजवाडी, जळगाव जिल्ह्यातील उनपदेव आणि नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वर ही अशी काही ठिकाणे होत. ‘उन्हवरे’, ‘उनपदेव’, ‘उनकेश्वर’ या नावांतील आरंभीचा अंश ‘ऊन’ म्हणजे गरम या अर्थाचा आहे. पावसाचे पाणी खडकांतील भेगांमधून खोलवर जाते, भूगर्भातील उष्णतेने तापते व पुन्हा वर येते, त्यामुळे हे झरे निर्माण होतात. काही झऱ्यांच्या पाण्याला गंधकाचा वास येतो. त्वचारोगावर हे पाणी गुणकारी असल्याची श्रद्धा आहे.

जपानमध्ये उष्ण झऱ्यांलगत ‘र्योकान’ नावाच्या पारंपरिक पथिकगृहांची परंपरा आहे. यामानाशी प्रांतातील केईउनकान (स्थापना इ.स. ७०५) व इशिकावा प्रांतातील होशी (स्थापना इ.स. ७१८) ही त्यांपैकी अतिप्राचीन मानली जातात. तेथे पाहुण्यास अंथरूण, स्थानिक पद्धतीचे भोजन व स्नानगृह मिळते. सामाईक कुंडात उतरण्यापूर्वी अंग स्वच्छ धुण्याचा नियम कटाक्षाने पाळला जातो. र्योकान हा मोबदला घेऊन, बहुधा कुटुंबाने चालविलेला व्यवसाय आहे. धर्मशाळा ही दानधर्मातून उभी राहिलेली संस्था आहे.

प्रवेशाचा प्रश्न

धर्मशाळा ‘सर्वांसाठी’ म्हटल्या जात असल्या तरी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना त्यांत प्रवेश नाकारला जाई. दूरवरून पायी आलेल्या या यात्रेकरूंना रात्र उघड्यावर काढावी लागे. पाणवठेही त्यांना बंद असत.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक निधीतून बांधलेले किंवा चालविले जाणारे पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, अशी शिफारस त्यात होती. १९२७ चा महाडचा सत्याग्रह याच ठरावाच्या अंमलबजावणीशी संबंधित होता. औंढा नागनाथसह मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने हा ठराव तेथे लागू नव्हता. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात धर्मशाळा, सराई व मुसाफिरखाना यांचा नावानिशी उल्लेख आहे.

गाडगे महाराजांचे कार्य

संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी लोकवर्गणीतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इत्यादी ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूर येथील धर्मशाळेस त्यांनी संत चोखामेळ्याचे नाव दिले. हयातीत मंदिरप्रवेश नाकारल्या गेलेल्या या संताच्या नावाची वास्तू अस्पृश्य वारकऱ्यांच्या हक्काचा निवारा ठरली. १९४९ मध्ये महाराजांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्द केली. स्वतः महाराजांनी मात्र कोणत्याही धर्मशाळेवर मालकी सांगितली नाही.

सद्यःस्थिती

रेल्वे व मोटारींमुळे प्रवासाचा काळ कमी झाला. अनेक यात्रेकरू आता त्याच दिवशी परततात. बहुतेक मोठ्या देवस्थानांनी खोल्या असलेली भक्तनिवासे बांधली आहेत. काही जुन्या धर्मशाळा मोडकळीस आल्या, तर काहींचा वापर बदलला. मुंबईत दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळेत परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण व त्यांचे नातेवाईक राहतात. परगावाहून येऊन दीर्घ उपचार घेणाऱ्या गरीब रुग्णांना महानगरात परवडणारा निवारा मिळणे कठीण असल्याने धर्मशाळेचा मूळ हेतू येथे नव्या स्वरूपात टिकून आहे.