सोमवारचा दमा

मुंबईच्या गिरण्या म्हटल्या की आपल्याला भोंगा, चाळ, खानावळ आणि १९८२ चा संप आठवतो. गिरणीतल्या धुळीचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही. आज थोडे त्याविषयी.

आमच्या उरवड्याच्या बाजूने पूर्वी पुष्कळ माणसे पोटासाठी मुंबईला जात. माझे थोरले चुलते एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापूस विंचरून त्याचे पेळू करतात ते हे खाते. सुट्टीवर गावी आले की ते सांगत, "सोमवारी छाती आवळते, मंगळवारपास्नं बरं वाटतं." आजीचे मत ठरलेले, रविवारच्या बिड्या सोमवारी बाहेर निघतात!

वैद्यकशास्त्रात मात्र हा सोमवारच मोठा पुरावा आहे. या रोगाचे नाव बिसिनोसिस. कच्च्या कापसाच्या धुळीत पाला-बोंडांचा चुरा आणि जिवाणूंची विषद्रव्ये असतात. सुट्टीनंतर माणूस पुन्हा त्या धुळीत शिरला की श्वासनलिका आखडतात. सुरुवातीला त्रास पहिल्याच दिवशी होतो. पुढे तो आठवडाभर राहतो, आणि अखेर कायमचा मुक्काम करतो. जस्ताच्या धुराने कामगारांना येणारा तापसुद्धा असाच सुट्टीनंतर जोर करतो.

इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला इतर प्रश्न विचारता तसा 'तुझा धंदा काय?' हाही विचारा, असे त्यांनी वैद्यांना बजावले. पुढे १९५० च्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरणी कामगारांना आणखी एक प्रश्न विचारला, 'छाती कोणत्या दिवशी आवळते?' उत्तरांवरून त्यांनी रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. जोडीला स्पायरोमीटर होताच. पाळीपूर्वी आणि पाळीनंतर जोरात फुंकायचे आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते पाहायचे. पण ही मोजणी सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी हवी. आठवड्याच्या मधल्या दिवशी मोजले, तर सुरुवातीचा रोग हातून निसटू शकतो. सिलिकोसिसचे डाग क्ष-किरणात दिसतात, बिसिनोसिसची मात्र तशी खास खूण त्यात नसते.

आपल्याकडे परळच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम चिकाटीने केले. एका पाहणीवर न थांबता त्यांनी गिरणी कामगारांचा पाच वर्षे पाठपुरावा केला. बिसिनोसिस आणि श्वासनलिकांचा इतर जुनाट विकार वेगळे कसे ओळखायचे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. बिडी ओढणाऱ्या कामगाराच्या दम्याचे खापर बिडीवर फोडणे फार सोपे असते, म्हणून हा फरक मोलाचा. अमेरिकेने १९७८ मध्येच सूत गिरण्यांतील हवेसाठी दर घनमीटरला ०.२ मिलिग्रॅम कापूसधुळीची मर्यादा घातली होती.

आपल्या कर्मचारी राज्य विम्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत बिसिनोसिस आहे. पण संप झाला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, माणसे गावी परतली. धूळ सुटली तसा तो सोमवारही गेला. छातीत उरला नुसता दमा, आणि तो कशाचा हे सिद्ध करणे कठीण होऊन बसले.

७ जून २०२१ रोजी आमच्या उरवड्यातील एका कारखान्याला आग लागून अनेक कामगार गेले, त्यांत बहुतेक बाया होत्या. त्या मृत्यूंची मोजदाद दोन दिवसांत झाली. धुळीने आणि धुराने जाणाऱ्यांची मोजदाद अशी आपोआप होत नाही. त्यासाठी माणूस कामावर असतानाच नोंद हवी.

आता आमच्याकडची पोरे मुंबईला न जाता जवळच्याच कारखान्यांत जातात. घरी कोणी धुळीत किंवा वेल्डिंगवर काम करत असेल, तर त्याला सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी कसे वाटले ते विचारा. उत्तर तारखेसह वहीत लिहून ठेवा आणि डॉक्टरांना कामाचे नाव आधी सांगा. एवढे तर आपल्याला करता येईल.