माथेरानच्या 'शोधा'आधी डोंगर चढणारी कुटुंबे

१/१०
अंबरनाथ-बदलापूर परिसरातून दक्षिणेकडे पाहिले, की मलंगगड, ताहुली, चंदेरी ही शिखरे एका रांगेत उभी दिसतात. ही रांग पुढे पेबवरून माथेरानला जाऊन मिळते. आज सुटीच्या दिवशी लहान मुले आणि पाळीव कुत्रा घेऊन कित्येक कुटुंबे आपला पहिला डोंगर येथेच चढतात. ही रीत किती जुनी? या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकी 'शोधा'पेक्षा बरेच मागे जाते.

२/१०
रूढ कथा अशी : मे १८५० मध्ये ठाण्याचा जिल्हाधिकारी ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट याचा मुक्काम चौक गावी होता. तेथून तो 'वन ट्री हिल'जवळच्या घळीतून माथ्यावर पोहोचला आणि रामबागच्या बाजूने उतरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो परत आला. पुढे त्याने तेथे घर बांधले. यालाच माथेरानचा 'शोध' म्हणतात.

३/१०
परंतु त्या डोंगराला नाव आधीच होते. त्या नावाची फोड बहुतेक जण 'माथ्यावरचे रान' अशी करतात. नाव असते तेथे ते उच्चारणारी माणसेही असतात. ठाकूर, कातकरी आणि धनगर यांचा या डोंगरावर आणि त्याच्या उतारांवर वावर होता. डॉ. जे. वाय. स्मिथ यांनी १८७१ मध्ये माथेरानवर इंग्रजी पुस्तक लिहिले. त्याच्या शीर्षकात डोंगरावरची माणसे, वनस्पती आणि प्राणी असा क्रम आहे. माणसे प्रथम!

४/१०
धनगरांचे डोंगर चढणे हे सहकुटुंबच असे. गुरे वर न्यायची, तर बिऱ्हाडही वर गेले पाहिजे. चालती मुले पायी, तान्हे पाठीशी बांधलेले आणि राखणीला कुत्रा. बिबट्याच्या मुलखात कुत्र्यावाचून गुरे राखणे अवघड. धनगरांचे दैवत खंडोबा. त्याच्या घोड्यालगत धावणारा कुत्रा चित्रांत नेहमी दिसतो, हे या जीवनक्रमाशी सुसंगतच आहे.

५/१०
रांगेच्या दुसऱ्या टोकाला मलंगगड. येथे कुटुंबांना वर नेले ते श्रद्धेने. माघी पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते. या स्थळाला कोणी दर्गा म्हणतात, कोणी समाधी. त्यावरचा वादही जुना आहे. कल्याणच्या केतकर घराण्याचा येथील व्यवस्थेशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. कल्याण-अंबरनाथकडच्या असंख्य मुलांनी चढलेला पहिला डोंगर हाच. कडेवर मूल, हाती नैवेद्य आणि नवस फेडण्याची ओढ : त्या काळची ही 'पहिली चढाई'.

६/१०
मात्र हा डोंगर सदैव मोकळा नव्हता. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, १७८० मध्ये, कॅप्टन ॲबिंग्टनने मलंगगडाचा खालचा भाग घेतला. पण बालेकिल्ला मराठ्यांनी सोडला नाही. उलट ॲबिंग्टनच वेढ्यात सापडला आणि त्याच्या सुटकेसाठी हार्टलेला फौज घेऊन यावे लागले. जी पायवाट यात्रेकरूंची, तीच सैनिकांचीही. गड लढता राहिला, की सामान्य कुटुंबाला डोंगर परका होई.

७/१०
युद्धे संपली आणि आगगाडी आली. १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणला पोहोचला आणि १८५६ मध्ये बदलापूर, नेरळ मागे टाकत तो खोपोलीपर्यंत गेला. दरम्यान १८५५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन माथेरानला येऊन गेला होता. मुंबईचा उन्हाळा असह्य झालेल्या इंग्रज कुटुंबांना आता नेरळ जवळ वाटू लागले. बायका-मुले डोली, पालखी किंवा तट्टावरून वर जात.

८/१०
येथे चढण्याचा अर्थच बदलला. धनगर पोटासाठी चढत, यात्रेकरू नवसासाठी, सैनिक हुकमासाठी. आता काही जण केवळ हवेसाठी आणि दृश्यासाठी चढू लागले. पण त्यांच्या मुलांचे ओझे ज्या खांद्यांवर होते, ते स्थानिकांचेच. शोधकाचे नाव नोंदले गेले; डोली वाहणाऱ्यांची नावे बहुधा कागदावर आलीच नाहीत.

९/१०
१९०७ मध्ये अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी नेरळ-माथेरान रेल्वे सुरू केली. अवघ्या दोन फुटी रुळांची ही गाडी सुमारे २० किलोमीटर वळणे घेत वर जाते. डोलीचे भाडे न परवडणाऱ्या कुटुंबांनाही तिने माथ्यावर नेले. २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित झाले. 

१०/१०
म्हणून 'हा डोंगर प्रथम कोणी चढला?' या प्रश्नाला एका नावाचे उत्तर पुरेसे नाही. १८५० हे साल हवा खाण्यासाठी माथेरान गाठण्याच्या आरंभाचे आहे, डोंगर चढण्याच्या आरंभाचे नव्हे. आज मुलाचे बोट आणि कुत्र्याची साखळी धरून जी पायवाट चढली जाते, ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी आधीच मळून ठेवलेली आहे. वाटेत धनगरवाडा किंवा ठाकूरवाडी लागली, तर मुलांना एवढे जरूर सांगावे : या डोंगराचे पहिले जाणकार येथे राहत आले आहेत.