केशरचनेचा ऋतू : पंचांग, वस्तरा आणि न्हाव्यांचा १८९० चा बहिष्कार

प्रास्ताविक

आषाढ सरत आला की सीबीडी बेलापूरच्या सेक्टरांतील पुरुषांच्या केशकर्तनालयांत गर्दी वाढू लागते. श्रावणात केस कापावयाचे नाहीत, दाढीला वस्तरा लावावयाचा नाही, असा नेम पाळणारी मंडळी येथील कचेऱ्यांत आजही पुष्कळ आहेत. अमावास्येपूर्वीच्या रविवारी बाकावर रांग लागते आणि त्यानंतरचा महिनाभर न्हाव्याच्या खुर्च्या बऱ्याच अंशी रिकाम्या राहतात. त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावरील ब्यूटी पार्लरमध्ये मात्र पावसाळ्यासाठी केसांची नवी निगा, नवा कट, नवा रंग यांच्या जाहिराती लागलेल्या असतात. एकाच जिन्याच्या वर आणि खाली दोन निराळी पंचांगे चालू असतात, असे म्हणावयास हरकत नाही.

ऋतू पालटला की केशरचना पालटावी, ही कल्पना बाजाराने अलीकडे आणली असे सर्वसाधारणपणे समजले जाते. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाकडे पाहता ही समजूत टिकत नाही. येथे केसांना ऋतू पूर्वीपासूनच होता. तो ठरवीत कोण होते आणि त्यातून कोणाला वगळले गेले होते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

फुलांचा ऋतू

कालिदासाने मेघदूतात अलकानगरीतील स्त्रियांचे वर्णन करताना हातात कमळ, कुरळ्या केसांत कुंद, मुखावर लोध्राचा पराग, अंबाड्यात कुरबक, कानावर शिरीष आणि भांगात कदंब अशी योजना केली आहे. यांतील प्रत्येक फूल एकेका ऋतूचे आहे. सहाही ऋतू अलकेत एकाच वेळी नांदतात, हे त्याला सुचवावयाचे आहे. भूलोकावर मात्र ती फुले एकामागून एक येतात आणि केशभूषा त्यांच्या मागोमाग बदलते. ऋतुसंहारातही कवीने प्रत्येक ऋतूतील केशभूषेची नोंद निराळी केली आहे.

मराठी घरातील व्यवहार याहून फार वेगळा नव्हता. 'वेणी' हा शब्द मराठीत केसांच्या पेडांनाही लागतो आणि केसांत माळावयाच्या फुलांच्या गुंफणीलाही. हे अर्थसाहचर्य पुरेसे बोलके आहे. उन्हाळ्यात मोगरा, पावसाळ्यात जाई-जुई आणि केवड्याचे पान, थंडीत शेवंती. कोकणात याच्या जोडीला अबोली, बकुळ, आणि वसंताच्या सुमारास वेंगुर्ले परिसरात सुरंगीचे गजरे. ज्यांच्या घरी सोने होते त्यांच्या डोक्यावर अग्रफूल, मूद, राखडी, केतक हे दागिने चढत. त्यांतील 'केतक' तर केवड्याचीच सोन्यात घडविलेली प्रतिकृती होय. फुलाचा हंगाम संपला तरी त्याचा आकार केसांत राहावा, अशी ही सोय. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान, पाडव्याचे स्नान, तेल, शिकेकाई यांनीही केसांच्या वर्षाला ठरावीक थांबे दिलेले होते.

बेलापूर परिसरातील आगरी-कोळी गावांत ही परंपरा नव्या शहराच्या अंगणातच शिल्लक राहिली. शासनाने १९७० साली सिडकोची स्थापना करून खाडीकाठच्या गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या. सरकारी कचेऱ्या आल्या, १९८० च्या दशकात चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार आर्टिस्ट व्हिलेज उभे राहिले, १९९० च्या दशकात लोकलगाडी आली. दिवाळ्याचा कोळीवाडा मात्र राहिला. नारळी पौर्णिमेला, म्हणजे मासेमारीचा हंगाम सुरू होताना, कोळिणींच्या अंबाड्यावर फुलांची भरगच्च वेणी चढते. पांढरपेशा पुरुषाने ज्या श्रावणात केसांना हात लावावयाचा नाही, त्याच श्रावणात कोळी समाजातील स्त्रीच्या केशभूषेचा मानाचा दिवस येतो. एका पंचांगातून दोन समाजांनी काढलेले हे दोन अर्थ अभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगे आहेत.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. या साऱ्या ऋतुबदलात स्त्रीच्या केसांना कात्री लागत नसे. अंबाडा, खोपा, वेणी यांचे घाट कायम राहत आणि त्यावरचे फूल तेवढे बदले. रंगभूमीवर बालगंधर्वांनी स्त्रीभूमिकांतून केशभूषेची जी लाट निर्माण केली आणि जिचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी केले, तीही गजरा माळण्याच्या आणि अंबाडा घालण्याच्या रीतीपुरतीच होती. पुरुषांच्या बाबतीत वस्तरा हा नित्याचा. शेंडी किती राखावी, घेरा केव्हा करावा, श्मश्रूला कोणता वार वर्ज्य, हे सारे ठरलेले असे. स्त्रीच्या डोक्याला वस्तरा लागणे म्हणजे मात्र एकच अर्थ होता.

वस्तऱ्याचा पंधरवडा

पंडिता रमाबाईंनी १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात दख्खनमधील ब्राह्मण विधवांचे मस्तक दर पंधरवड्याला मुंडले जाई, अशी नोंद केली आहे. या नोंदीतील 'पंधरवडा' हा शब्द विचार करावयास लावणारा आहे. सुवासिनीच्या केसांचे वर्ष मोगऱ्यापासून शेवंतीपर्यंत फिरत असे. विधवेच्या वाट्याला मात्र बारा महिने एकच ऋतू होता आणि तो न्हाव्याच्या फेरीने मोजला जाई. फूल नाही, तेल नाही, सणाचे अभ्यंग नाही. लाल अलवण आणि झाकलेले डोके. आठ-दहा वर्षांच्या बालविधवाही या रूढीतून सुटत नसत.

१८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली होती. पुनर्विवाह न करणाऱ्या विधवेच्या डोक्यावरील वस्तऱ्याला त्या कायद्याने हात लावला नाही. आगरकरांनी 'सुधारका'तून केशवपनावर कठोर टीका केली. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली निघालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली आणि यमूच्या सक्तीच्या वपनाने मराठी वाचकाला हादरवून सोडले. हे सर्व कार्य थोर खरे, पण ते लेखणीचे होते आणि बव्हंशी ज्या समाजात ती रूढी होती त्याच समाजाच्या आत चाललेले होते.

वस्तरा प्रत्यक्ष ज्याच्या हातात होता त्याचा विचार सत्यशोधकांनी केला. 'दीनबंधू'चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मुंबईत न्हाव्यांची सभा घडवून आणली आणि विधवांचे केशवपन आपण यापुढे करणार नाही, असा निर्धार तेथे झाला. लोकांत सांगितल्या जाणाऱ्या हकिकतींत या बहिष्काराचे श्रेय पुष्कळदा थेट सावित्रीबाई फुले यांना दिले जाते. फुले दांपत्याने विधवांसाठी केलेल्या कार्याची पार्श्वभूमी त्यामागे निःसंशय होती. १८६३ चे पुण्यातील बालहत्या प्रतिबंधक गृह हे त्याचे ठळक उदाहरण. मुंबईतील संघटन मात्र लोखंड्यांचे होते.

या घटनेचे महत्त्व केवळ संख्येने मोजता येणार नाही. न्हावी हा बलुतेदार. गावगाड्यात त्याला नकाराचा अधिकार नव्हता. बोलावले की जावयाचे, हा त्याचा धर्म समजला जाई. शहरात बलुत्याचे बंधन सैल झालेले असले तरी वपनाची मजुरी हे ठरलेले, पंधरवड्याला हमखास येणारे उत्पन्न होते. ते सोडण्याचा निर्धार करताना त्याने आपल्या पोटावर पाय दिला आणि आपल्या हातून काय घडते आहे याचा विचार करण्याचा हक्क स्वतःकडे घेतला. खालच्या मानल्या गेलेल्या जातीतील श्रमिकाने उच्च मानल्या गेलेल्या जातीतील स्त्रीच्या बाजूने असे उभे राहावे, ही त्या काळात विरळा गोष्ट होती. कामगार चळवळीच्या आणि स्त्रीमुक्तीच्या इतिहासांची प्रकरणे निरनिराळी लिहिण्याच्या सवयीमुळे ती दोन्हीकडे निसटते समासातच राहिली.

बहिष्काराने रूढी त्याच वर्षी संपली नाही. वपन केलेल्या वृद्ध स्त्रिया विसाव्या शतकात पुढेही बराच काळ घराघरांत होत्या.

कात्रीचा अर्थ बदलतो

स्त्रीच्या केसांना लागणारी धार अशुभ, ही भावना ओसरल्याशिवाय ऋतूगणिक नवा कट ही कल्पना मराठी घरात येणे शक्यच नव्हते. युरोप-अमेरिकेत पहिल्या महायुद्धानंतर आखूड केस रूढ झाले. 'बॉबकट' हा शब्द मराठीत आला तो प्रथम टवाळीचा विषय म्हणून. पुढे १९६० च्या 'लव्ह इन सिमला' या चित्रपटाने कपाळावर कापलेल्या बटांना 'साधना कट' हे नाव मिळवून दिले आणि महाविद्यालयीन तरुणींच्या कपाळावर कात्री निर्धास्तपणे फिरली. रूढीशी झगडून जे साधले त्याहून अधिक चित्रपटाने काही आठवड्यांत साधले, असे वरकरणी वाटते. तथापि कात्रीतील अमंगळपणा आधीच्या दोन पिढ्यांनी काढून टाकला होता, म्हणूनच ती फॅशन होऊ शकली.

बेलापूर, सोमवार

न्हाव्याच्या बाजूने पाहता ऋतू हा आजही उत्पन्नाचा प्रश्न आहे. २०२० साली टाळेबंदीमुळे मार्चअखेर बंद पडलेली सलून महाराष्ट्रात २८ जूनला उघडली, तीही केस कापण्यापुरती. दाढीला परवानगी नव्हती. त्या वर्षी श्रावण २१ जुलैला लागला. म्हणजे वसंत आणि ग्रीष्म हातचे गेल्यावर कारागिराला कामाचे जेमतेम तेवीस दिवस मिळाले आणि पुन्हा नेमाचा महिना आला. बेलापूरच्या भाड्याच्या गाळ्यात खुर्ची मांडणाऱ्या माणसाला ना पूर्वीचे बलुते, ना कचेरीतल्या नोकरदाराचा महिन्याचा पगार.

पारंपरिक सलूनच्या दारावर 'सोमवारी बंद' अशी पाटी असते. तिचा संबंध लोक श्रावणी सोमवाराशी आणि शंकराशी जोडतात. त्यात धार्मिक भावना असेलही. परंतु तिला दुसरी एक बाजू आहे. लोखंड्यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, म्हणजे न्हाव्यांच्या सभेच्याच वर्षी. गिऱ्हाईकाला रविवार मोकळा झाला, तेव्हापासून रविवार हा न्हाव्याच्या सर्वांत अधिक कामाचा दिवस ठरला. त्याला विश्रांती घ्यावयाची तर ती दुसऱ्या दिवशी.